तीन ठोके

“दार उघडं राहीन ना, म्याडम?”

नथ्थूजी पिंपळशेंडेंनी हे तिसऱ्यांदा विचारलं आणि मीही तिसऱ्यांदा सांगितलं, “हो काकाजी, उघडंच राहणार. शब्द देते ना!”

शब्द द्यायला माझं काय जात होतं! तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि शब्द माझ्याकडे पोत्यांनी होते. एक तर मी नागपूरची, त्यात आकाशवाणीवर तीन वर्षं निवेदन करून आलेली. नथ्थूजी नुकतेच कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले होते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या खाणीचं छत कोसळलं, त्यात ते तीन दिवस अडकून पडले आणि जिवंत वर आले. त्यांच्यासोबत कामाला असलेला दौलत मडावी मात्र पहिल्याच झटक्यात गेला. तेव्हापासून नथ्थूजींनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती. बंद दाराआड बसायचं नाही. घरी संडासाला दाराऐवजी पडदा होता. एसटीत खिडकी मिळाली नाही तर ते पुढच्या गाडीची वाट बघायचे.

मी त्यांच्याकडे आले होते ती डेन्मार्कच्या एका रेडिओ मालिकेसाठी. बंद जागेत अडकून परत आलेल्या माणसांच्या गोष्टी जगभरातून गोळा करून, त्यांच्या त्यांच्या आवाजात ऐकवायच्या, अशी ती मालिका होती. पोर्तुगालचा विहिरीत पडलेला मेंढपाळ झाला होता, बर्फाखाली दोन रात्री काढलेली नॉर्वेची शाळामास्तरीण झाली होती, आणि भारताची गोष्ट माझ्या गळ्यात पडली होती. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं काम होतं. मालिका करणारी इंग्रिड नावाची बाई फोनवर फार गोड बोलायची आणि गोड बोलूनच माणसाला सोलून काढायची.

नथ्थूजींच्या अंगणात कडुनिंबाखाली केलेलं पहिलं रेकॉर्डिंग तिने आठ दिवसांत परत पाठवलं. कोंबड्या ऐकू येतात, सायकलच्या घंट्या ऐकू येतात, हे तर होतंच. पण खरं दुखणं वेगळं होतं. ती म्हणाली, “हा माणूस गोष्ट सांगत नाहीये, भाषण करतोय. पाठ झालंय त्याला.” आता यात नथ्थूजींचा काय दोष? दरवर्षी सुरक्षा सप्ताहात खाणीचे साहेब त्यांना मंचावर उभं करायचे आणि ते तेच वीस मिनिटांचं बोलायचे. हेल्मेट घाला, घाई करू नका, मी वाचलो, दौलत गेला, जय हिंद. इंग्रिडने मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. नाही जमलं तर भारत गाळू, म्हणाली. अख्खा देश गाळायला निघाली होती बया.

म्हणून मी वणीत ठेंगणे बँडवाल्याच्या दुकानामागची खोली ठरवली. ठेंगण्यांनी भजनी मंडळांच्या कॅसेटसाठी खोलीच्या आत खोली बांधली होती. भिंतींना जुन्या गाद्या, गाद्यांवर अंड्यांचे ट्रे, दार चार बोटं जाड आणि त्याच्या कडेला जुन्या फ्रिजचं रबर. मे महिना होता. वणीचा मे ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको.

ठेंगणे म्हणाले, “म्याडम, मी जेवून येतो. शटर अर्धं ओढतो, गायी शिरतेत दुकानात.” आणि ते गेले.

आमच्या धंद्याचे काही नेम असतात. पंखा बंद, कारण तो घरघरतो. मोबाइल बाहेर, कारण फोन यायच्या आधीच रेकॉर्डरमध्ये टिरीटिरी वाजायला लागतं. माझा फोन ठेंगण्यांच्या ढोलावर ठेवून मी आत आले. नथ्थूजी खुर्चीत बसले, पाठ दाराकडे. दार सताड उघडं. मी त्यांच्या बाजूला, दारापासून एका पावलावर. माइक त्यांच्या तोंडासमोर टेबलावर, लोखंडी बुडाच्या छोट्या स्टँडवर. रेकॉर्डर सुरू केला, हेडफोन कानाला लावले आणि कपाळावर हात मारला. शेजारी पिठाची गिरणी होती. हेडफोनमध्ये ती माझ्या मेंदूत ज्वारी दळत होती.

नथ्थूजींनी सुरुवात केली. “त्या दिवशी आमची पहिली पाळी होती...” मला गिरणीशिवाय काही ऐकू येईना. शुक्रवार डोळ्यांपुढे आला, इंग्रिड आली. मी पाय लांब केला आणि चपलेच्या टोकाने दार हळूच लोटलं. रबर चिकटलं. आवाज एकदम कापल्यासारखा थांबला.

नथ्थूजी बोलता बोलता थबकले. “गिरणी बंद झाली का?”

“हो, झाली वाटतं,” मी म्हटलं. “बोला तुम्ही.”

दहा मिनिटं ते बोलले. तेच हेल्मेट, तीच घाई करू नका. मी मनातल्या मनात इंग्रिडला शिव्या घालत होते, कारण तिचं खरं होतं. तेवढ्यात बल्ब गेला. लोडशेडिंग! दुपारी एक ते चारचं, सगळ्या गावाला पाठ असलेलं, आणि माझ्या एकटीच्या ध्यानात न राहिलेलं. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना.

“दार?” नथ्थूजींचा आवाज.

“एक मिनिट हं काकाजी.” मी उठले, चाचपडत कडी शोधली, मूठ फिरवली. मूठ नुसतीच फिरली. पुन्हा फिरवली, तर ती माझ्या हातातच आली.

“वाऱ्यानं लागलं वाटतं,” मी म्हटलं.

“वाऱ्यानं,” ते म्हणाले.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी दारावर धडका मारल्या. गाद्यांवर बुक्क्या मारल्या. ठेंगण्यांच्या नावाने, आईच्या नावाने, वाचवा वाचवा म्हणून ओरडले. माझा आवाज माझ्याच तोंडाशी मरत होता. तीन वर्षं आवाजावर पोट भरलं होतं मी, आणि तो दोन वितींच्या पुढे जात नव्हता. ठेंगणे जेवून निजणार. लाइट आल्याशिवाय दुकानात येऊन करणार काय? चार वाजेपर्यंत या डब्यात आम्ही दोघं, आणि त्यातला एक असा की ज्याला दाराची भीती. मला वाटलं, या माणसाला आत्ता काही झालं तर? मी त्याला मारलं, असंच होईल.

पण अंधारात जो आवाज आला तो मंचावरचा नव्हता, अंगणातलाही नव्हता. एकदम कामाला लागलेल्या माणसाचा होता.

“बस झालं, पोरी. हवा खाऊन राह्यली तू. खाली बस. भिताडाले टेक.”

मी बसले.

“नाकानं श्वास घे. तोंड बंद. बोलू नको.” मग थोड्या वेळाने, “तो लाल दिवा कायचा हाय?”

टेबलावर रेकॉर्डरचा बारीक दिवा जळत होता. सेलवर चालायचा तो. “मशीनचा,” मी म्हटलं. “चालू राहिलंय. बंद करू?”

“राहू दे,” ते म्हणाले. “तेवढाच उजेड हाय.”

मग त्यांनी माइक टेबलावर आडवा करून ठेवल्याचा आवाज आला. स्टँड त्यांनी हातात घेतलं होतं. “भिताडानं आवाज जाणार नाही. जमिनीनं जाते. हे धर. लोखंड खाली करून ठोक. तीन ठोके, मंग थांब अन् आइक. पुन्हा तीन. आमचा खानीत उतरनाऱ्या लोकाईचा नेमच होता तो. अडकला मानूस तीन ठोके देते. ज्यानं आइकले त्यानं तीन वापस द्याचे. मदत करता येवो का न येवो. ठोका आला तं ठोका द्याचाच. समोरच्याले कळलं पाहिजे, का आपन एकटे नाही.”

मी फरशीवर ठोकले. तीन. थांबले. पुन्हा तीन. घाम डोळ्यांत जात होता. अंड्यांच्या ट्रेचा आणि जुन्या कापसाचा वास घशात बसला होता. अर्धा तास गेला की पाऊण, कळायला मार्ग नव्हता. कोणीही वापस देत नव्हतं. माझा श्वास पुन्हा वर चढायला लागला. मी रडायला लागले.

“काकाजी, तुम्ही द्या ना ठोका,” मी म्हटलं. “मी ठोकते, तुम्ही तिकडून द्या. नुसता हातानं द्या. मला तेवढंच पुरेल.”

मी तीन ठोकले.

समोरून काही नाही.

“काकाजी?”

पुन्हा तीन ठोकले. काही नाही. मला वाटलं, गेले! ओरडतच मी गुडघ्यांवर सरकत त्यांच्याकडे गेले आणि माझा हात त्यांच्या पायाला लागला. 

“नाही होत माह्याच्यानं,” ते म्हणाले. “तवाबी नाही झालं.”

 आमच्या धंद्यात प्रश्न न विचारण्याची कला शिकायला माणसाला वर्षं लागतात म्हणतात. त्या दिवशी मला विचारायला नुसता दम नव्हता.

“दौलत पहिल्या झटक्यात गेला नाही,” नथ्थूजी म्हणाले. “मी तसं सांगतलं. सगळ्याईले सांगतलं. साहेबाले, पेपरवाल्याले, सोनाले.”

सोना म्हणजे दौलतची बायको, सोनाबाई. नथ्थूजींच्या घरापासून चार घरं सोडून राहायची. तिच्या दोन्ही पोरींची लग्नं नथ्थूजींनी उभी राहून लावली होती, हे मला साऱ्या वस्तीने सांगितलं होतं.

“छत आलं तं मधात ढिगारा. मी अलीकडं, तो पलीकडं. मानूस दिसे ना, बोलनं आइकू ये ना. पन खालून ट्रॉलीचा रूळ गेला होता. त्या रुळावर त्यानं ठोकले. तीन. मी देल्ले वापस. पुन्हा तीन. पुन्हा देल्ले. पह्यला दिवस आमचं असंच चाललं. मले आधार होता, पोरी. खोटं काहून बोलू? लई आधार होता. मंग दुसऱ्या दिवशी तो तीन सोडून सारखा ठोकाले लागला. धडाधड, धडाधड. मले समजलं, याचं काहीतरी बिघडलं. दबला असन, नाही तं पानी आलं असन. तो बलावून राह्यला होता मले. मी हातानं दगडं काढले, नखं निघाले माहे, पन ढिगारा हलंना. अन् मी वापस ठोका देल्ला का तो अजून जोरानं ठोके. मले ते सहन होयेना. मले वाटलं, हा थांबला पाहिजे. मी रुळापासून दूर जाऊन बसलो. कानात कोळशाचा चुरा भरला अन् बसलो.”

मी त्यांचा पाय धरून तशीच बसले होते.

“तरी अंगाले समजे. जमिनीतून येते ना. संध्याकाळ होती का सकाळ, देवाले ठाऊक. तो पुन्हा तीनवर आला. हळू हळू. तीन, मंग थांबे. वाट पाहे माह्यी. मी हात आवरला. एक ठोका देल्ला असता मी, तं माह्यं काय जात होतं? त्याले वाटलं असन, नथ्थू मेला. एकटाच राहिलो, असं समजून मेला तो. मी दहा हातावर जित्ता होतो.”

 मग ते म्हणाले, “सोनाले म्हनलं, काही कळलं नाही त्याले, झोपेतल्यावानी गेला. तिच्या भल्यासाठीच म्हनलं. मंग ते दरसाल मंचावर म्हनत गेलो.”

आणि तेवढ्यात फरशीतून आलं. ठक. ठक. ठक.

माझ्या तळव्यांना कळलं ते कानांच्या आधी. लोडशेडिंगने गिरणीही बंद पडली होती. गिरणीवाली बाई सावलीला भिंतीशी पडली होती, आणि तिला जमिनीतून माझे ठोके आले होते. तिने पाच किलोचं वजन उचलून फरशीवर आपटलं, एवढंच. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त ते तीन ठोके होते.

नथ्थूजींनी माझ्या हातातून स्टँड ओढून घेतलं आणि ठोकायला लागले. तीन, तीन, तीन. ओक्साबोक्शी रडत होते आणि ठोकत होते. गिरणीवालीने ठेंगण्यांना उठवून आणलं, ठेंगण्यांनी बाहेरून दार उघडलं, उजेड आला, तरी ते थांबले नाहीत. गिरणीवालीने शेवटी त्यांचा हात धरला. “अहो बापू, आलो ना आम्ही! सोडा आता,” ती म्हणाली.

ठेंगणे सारखे माफी मागत होते. दार कसं लागलं, विचारत होते. मी म्हटलं, वाऱ्यानं. नथ्थूजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उन्हातच घराकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला मी रेकॉर्डिंग ऐकलं. एक तास चौदा मिनिटं. शब्द न् शब्द आला होता. त्यांचा श्वास, माझं रडणं, तीन ठोके आणि त्यानंतरची ती शांतता. शेवटी फरशीतून आलेलं ते उत्तर. इंग्रिडने हे ऐकलं असतं तर तिने खुर्ची सोडून उडी मारली असती. माझं नाव झालं असतं, अगदी जगभर.

मी चहा केला, प्यायले, आणि सगळं पुसून टाकलं. म्हटलं, हा माणूस अंधारात बोलला. मशीन चालू आहे हे विसरून बोलला. सोनाबाईच्या कानावर हे गेलं तर त्या म्हातारीचं काय होईल? इंग्रिडला कळवलं, जमलं नाही. तिने भारत गाळला. मला पुन्हा कधी फोन केला नाही.

पुढची चौदा वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. कार्यशाळांमध्ये, कॉलेजांमध्ये, नव्या मुलामुलींना. नावं न घेता. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग मी कसं पुसलं ते. मुलं गंभीर व्हायची, कोणी टाळ्या वाजवायचं. सुरक्षा सप्ताहातल्या भाषणासारखी ती माझ्या तोंडी बसली होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी माझ्या दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायांवर एसटीची धूळ. सोनाबाई मडावी. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पंख्याखाली बसून तिने घाम पुसला.

“नथ्थू गेला,” ती म्हणाली. “वसुबारसेले.”

“अरेरे! मला कळलंच नाही, काकू.”

“जाताना बोलला मले. म्हने, सोना, मले तुले एक सांगाचं होतं, ते तोंडावर सांगाची हिंमत झाली नाही. पन सांगून ठेवलं हाय. त्या रेडिओवाल्या पोरीच्या मशीनमंदी हाय. लाल दिवा चालू होता, मी पाहून बोललो. मी गेल्यावर जा अन् आइक.” तिने पदर सावरला. “मंग आली मी. लाव.”



“काकू,” मी कसंबसं म्हटलं, “ते ऐकून तुम्हाला त्रास होईल. दौलतकाका...”

“लगेच गेला नाही, मले ठाऊक हाय,” सोनाबाई म्हणाली. “मी धुतलं त्याले. हाताच्या साऱ्या गाठी फुटल्या होत्या. मुठीत दगड होता, तो काढता निघंना. पह्यल्या झटक्यात मेलेला मानूस दगड धरते का? मी सारं समजली होती तवाच.”

“मग तुम्ही नथ्थूजींना कधी विचारलं नाही?”

“इचारलं असतं तं त्यानं जीव देल्ला असता. तसाच होता तो. मी म्हनलं, सांगन कधीतरी. वाट पाहिली.” मग ती पुढे सरकली. “लाव ना. त्याच्या तोंडून आइकाचं हाय मले. तेहतीस वर्सं झाली.”

“मी ते पुसलं, काकू.”

तिला आधी कळलंच नाही. “काय केलं?”

“पुसून टाकलं. दुसऱ्याच दिवशी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “त्यानंबी माह्याच भल्यासाठी केलं. तूबी माह्याच भल्यासाठी केलं.” आणि पिशवी उचलून उठायला लागली.

मी तिचा हात धरला. माझ्या लक्षात आलं, की त्या एक तास चौदा मिनिटांत अजून एक आवाज होता. अगदी सुरुवातीला, पहिल्याच मिनिटाला. हेडफोन लावून मी तो स्पष्ट ऐकला होता. चपलेचं टोक, आणि मग रबर चिकटल्याचा फस्स असा आवाज. नथ्थूजींना दिलेला शब्द मी मोडला त्याचा तो पुरावा होता, आणि सगळं पुसताना तोही गेला याचं मला बरं वाटलं होतं. चौदा वर्षं एकाही कार्यशाळेत मी तो भाग सांगितला नव्हता.

“बसा, काकू,” मी म्हटलं. “त्यांचा आवाज माझ्याकडे नाही. पण शब्द न् शब्द ध्यानात आहे. जसा बोलले तसा सांगते.”

ती बसली. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. बोटांच्या गाठी सुजलेल्या होत्या.

“एकबी गोष्ट गाळू नको,” ती म्हणाली.

“नाही गाळणार.” आणि मी सुरुवात केली. “दार वाऱ्यानं लागलं नव्हतं, काकू. मी लावलं होतं.”